वाडा भाड्याने मिळतो, त्यातली अडचण मिळत नाही

प्रति,
इंग्रजी अमदानीतल्या लग्नांवर आणि स्त्रीपुरुषांच्या ओढीवर चित्रपट लिहिणारे, काढणारे, सजवणारे आणि उजळवणारे सर्वजण यांस,

स. न. वि. वि.

तुमच्या चित्रपटांत पितळी समई असते, नथ असते, मोगरा असतो, चौकात तुळशीवृंदावन असतं आणि घोड्यावरून जाणारा एखादा गोरा साहेबही असतो. पैसा खर्च झालेला दिसतो. तरीही पंधरा मिनिटांत कळतं की माडीवर उभे असलेले दोघे आजचे आहेत, नुसते नऊवारीत आणि धोतरात आलेत. चूक नटांची नसते. त्यांच्याभोवतीची अडचण कुणी उभीच केलेली नसते. ओढ दिसते ती अडचणीमुळे, आणि त्या काळची अडचण फार नेमकी होती. तिला मापं होती, वेळा होत्या, कलमं होती, दिव्याच्या तेलाचा वास होता. ती पटकथेत आली तर संवादांचं निम्मं काम आपोआप होतं. म्हणून हे पत्र.

पहिली गोष्ट सालाची. ‘साधारण ब्रिटिश काळ’ असं साल नसतं. साल ठरवण्याआधी नायिकेचं वय ठरवा, कारण तिथेच सगळ्यात मोठी फसवणूक होते. १८७०-८० च्या दशकात वरच्या जातींत मुलीचं लग्न आठ ते अकराव्या वर्षी होई. सुधारकांची घरंही सुटली नव्हती. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते न्यायमूर्ती रानडे यांचं दुसरं लग्न १८७३ साली झालं, तेव्हा रमाबाई अकरा वर्षांच्या होत्या आणि ते एकतिशीत. लग्नानंतर मुलगी बहुधा माहेरी-सासरी येऊन-जाऊन राही. ती न्हाती झाली की तिला मखरात बसवत, आणि मग गर्भाधान. १८६० च्या दंडसंहितेत संमतीचं वय १० होतं. मार्च १८९१ मध्ये ते १२ झालं आणि तेवढ्यावरून पुण्यात रण माजलं. या पार्श्वभूमीवर पंचवीस वर्षांची नटी घेऊन १८८० सालातली ‘पहिली रात्र’ मोगऱ्याच्या पाकळ्यांत चित्रित करणं म्हणजे एका मुलीवर जे ओढवलं त्याला अत्तर लावणं. ते दाखवायचं असेल तर जे होतं तसं दाखवा, आणि त्यात शृंगार आणू नका.

प्रेमकथाच हवी असेल तर मोठ्या माणसांची कथा निवडा. १८८० च्या दशकात पंचविशीतली विधवा आहे. दहा-बारा वर्षं एका घरात राहून पहिल्यांदाच नवऱ्याकडे नीट पाहणारी तिशीतली बाई आहे. पाट लावून, म्हणजे पुनर्विवाह करून आलेली कुणबीण आहे. १९२० नंतर तर पर्याय वाढतातच: वसतिगृहात राहणाऱ्या मुली, उशिरा होणारी लग्नं, आणि जुलै १९२७ पासून र. धों. कर्वे यांचं ‘समाजस्वास्थ्य’. कर्व्यांनी १९२१ साली संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि पुढे अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. नवरा आणि बायको दोघंही तो अंक एकमेकांना न सांगता वाचतात, एवढ्यावर एक अख्खा चित्रपट उभा राहील. शारदा कायदा १ एप्रिल १९३० पासून लागू झाला, मुलीच्या लग्नाचं किमान वय १४ आणि मुलाचं १८. त्याआधीच्या महिन्यांत कायदा लागू होण्यापूर्वी लग्नं उरकून घेण्याची घाई उडाली होती. ही घाईसुद्धा अजून पडद्यावर पुरेशी आलेली नाही.

आता बोलण्याकडे येऊ. तुमच्या पटकथांत नवराबायको एकमेकांना नावाने हाक मारतात. चौकात, सासूसमोर, दिवसाउजेडी! ब्राह्मणी घरातली बायको नवऱ्याचं नाव घेतच नसे. ती त्याला उद्देशून व्याकरणालाच वळसा घाली. ‘इकडून जेवण व्हायचंय ना?’, ‘इकडची पगडी खुंटीवर आहे’, ‘स्वारी कधी परतणार?’ इथे कर्ता गाळला जातो, माणूस एक दिशा होतो. नवरा बाहेर तिचा उल्लेख ‘आमचं कुटुंब’ किंवा ‘घरातली मंडळी’ असा करी. शेतकरी घरात ‘धनी’, ‘कारभारी’, ‘मालक’ हे शब्द होते. नाव घ्यायची अधिकृत मुभा फक्त उखाण्यात, तीही चारचौघींच्या टाळ्यांत. मग कल्पना करा, वर्षानुवर्षं ‘इकडे’ म्हणणारी बाई एका रात्री, आडणा लावल्यावर, त्याचं नाव घेते. फक्त नाव. तुम्ही तिथे दोन पानी स्वगत आणि पार्श्वभूमीला व्हायोलिन घालता, आणि खरा स्फोट तर आधीच पहिल्या दृश्यात ‘माधव, ऐक ना’ म्हणून वाया घालवलेला असतो.

‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ हे वाक्यही १८८५ च्या माणसाच्या तोंडी बसत नाही. जीव जडतो, मन बसतं, लोभ असतो, ओढ लागते. बैठकीच्या लावणीत मात्र बाई आपली इच्छा उघड, तपशिलाने, हक्काने बोलते. म्हणजे भाषेला लाज नव्हती. कोणत्या जागी कोणती भाषा चालते, याची शिस्त होती. लावणी ऐकून घरी आलेला नवरा माजघराच्या उंबऱ्यावर मुका होतो, यात विरोधाभास वगैरे काही नाही, तो त्या काळचा रोजचा दिनक्रम आहे.

जागेचं तेच. वाडा भाड्याने घेता, आणि मग कॅमेऱ्याला मोकळं हवं म्हणून त्यातली माणसं काढून टाकता. ओटी, पडवी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, कोठीची खोली, परसू या प्रत्येक जागेला माणसं आणि वेळा ठरलेल्या असत. दिवसा पुरुष ओटीवर, बायका माजघरापलीकडे. पंधरा-वीस माणसांच्या घरात जोडप्याला माडीवरची एखादी खोली मिळे, आणि ती कधी मिळणार हे घरच्या मोठ्या बायका ठरवत. जिना लाकडी, त्याची कोणती पायरी वाजते हे सगळ्या घराला ठाऊक. ध्वनी विभागाला एक विनंती: जोडव्यांचा किणकिणाट फरशीवर होतो, शेणाने सारवलेल्या जमिनीवर होत नाही. सारवलेल्या माजघरातून चालताना तुम्ही घातलेला तो ‘छन्’ ऐकला की जाणत्या प्रेक्षकाचा तिथेच विश्वास उडतो. उलट, सारवलेल्या जमिनीवरून निःशब्द आलेली पावलं दगडी चौकात उतरताच वाजली, तर तेवढ्याने घर जागं आहे की झोपलं आहे हे कळतं.

सर्वांत हास्यास्पद दृश्य म्हणजे चुलीपाशी स्वयंपाक करणाऱ्या बायकोला नवरा मागून मिठी मारतो. ती सोवळ्यात असते! धाबळी किंवा सोवळ्याचं लुगडं नेसून रांधत असलेल्या बाईला ओवळ्या माणसाचा नुसता स्पर्श झाला तरी तिला पुन्हा आंघोळ, आणि सगळ्या घराचं जेवण लांबलं. लेखकांनी ही अडचण संपत्ती मानायला हवी. तो दारात उभा आहे, दोन हातांवर ती आहे, भाताचं आधण उकळतंय, आणि त्याला उंबरा ओलांडता येत नाही. त्याने पाण्याचा गडू मागायचा, तिने तो खाली जमिनीवर ठेवायचा, त्याने उचलायचा. हातात हात लागत नाही. याहून तापलेलं दृश्य कोणत्या मिठीने साधणार आहे?

तीच गोष्ट ‘बाहेर बसण्याची’. कावळा शिवला की तीन दिवस बाई वेगळी, चौथ्या दिवशी न्हाऊन घरात. म्हणजे जोडप्याच्या जवळिकीचं वेळापत्रक सासूपासून मोलकरणीपर्यंत सर्वांना ठाऊक असायचं. एकांत नव्हता, इतकंच म्हणून भागत नाही. एकांताचा हिशेब दुसरे ठेवत होते. आणि हे सगळं मुख्यतः ब्राह्मणी घरातलं. शेतकरी घरात, कारागिरांत, गिरणगावात सोवळं वेगळं, पदर वेगळा, पुनर्विवाह वेगळा. एकाच चित्रपटात मराठा देशमुखीण आणि पुण्याची भटीण एकाच तऱ्हेने वागताना दिसतात, तेव्हा संशोधन एकाच आत्मचरित्रावर आटोपलेलं असतं.

विधवेबद्दल तर पुन्हा पुन्हा सांगून आमचा घसा बसला. महाराष्ट्रातली केशवपन केलेली ब्राह्मण विधवा पांढऱ्या साडीत नसे, तांबड्या आलवणात असे. पांढरं वस्त्र आणि मोकळे केस ही बंगालची प्रतिमा आहे, हिंदी सिनेमामार्गे आपल्याकडे आली आणि ठाण मांडून बसली. वपन एकदा होऊन संपत नसे. केस वाढत, न्हावी पुन्हा येई. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत न्हाव्यांनीच विधवांचं वपन करायचं नाकारलं होतं. रंगभूषेसाठी: टक्कल गुळगुळीत, चकचकीत नको. दहा-बारा दिवसांचे खुंट, आणि त्यावरून वारंवार पुढे ओढला जाणारा आलवणाचा काठ हवा. विधवेची ओढ दाखवायची तर तो हात डोक्याकडे जाणं पुरतं. तिच्या बाबतीत पाऊल घसरण्याची किंमत काय होती, हेही विसरू नका. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, ते गरज होती म्हणूनच.

वेशभूषेत एकच आग्रह: शिवलेली नऊवारी नको. ती पायजम्यासारखी दिसते आणि पायजम्यासारखीच वागते. खरं लुगडं नऊ वार, म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. परकर नसतो. आधी पदराचा अंदाज घेऊन कमरेला घट्ट गाठ मारायची, सगळं लुगडं त्या गाठीवर उभं राहतं. मग पदर, मग उरलेल्या कापडाच्या निऱ्या पुढे खोचायच्या, आणि निऱ्यांचा खालचा मधला भाग दोन्ही पायांमधून मागे घेऊन कासोटा खोवायचा. गाठ सैल असली तर तासाभरात सगळं खाली येतं. निऱ्या जास्त घेतल्या तर मागे कापड पुरत नाही आणि कासोटा ओढून चालावं लागतं. नटीला किमान आठ-दहा दिवस घरी नेसून वावरू द्या: बसणं, उठणं, जिना चढणं, घागर उचलणं. कासोटा बसून उठल्यावर सैलावतो, आणि बाई न बघता, बोलता बोलता मागे हात नेऊन तो नीट करते. ही हालचाल आली की नटी त्या काळात पोचली. चोळी खणाची, पुढे गाठीची. हुक आणि पाठीवरच्या नाड्या नकोत. रोजचं लुगडं सुती, धुऊन मऊ झालेलं. भाजी निवडायला पैठणी नेसणारी बाई फक्त तुमच्या चित्रपटात असते.

कुंकू मेणावर लावतात. आधी मेणाचं बोट, त्यावर कोरडं कुंकू. टिकली चिकटवून ‘तसंच दिसतं’ म्हणता, पण मेणावरचं कुंकू घामाने, कपाळ टेकल्याने, उपरण्याने पुसलं जातं आणि दुसऱ्याच्या कपड्याला लागतं. सकाळी नवऱ्याच्या उपरण्यावर दिसलेला पुसट तांबडा डाग आणि तो बघून जावेने फिरवलेली नजर यांना संवाद लागत नाही. भांगात सिंदूर नको, तो उत्तरेकडचा. लग्नातही जयमाला आणि सात फेरे यांचा सोहळा आपल्याकडे ओढू नका. अंतरपाट, मंगलाष्टकं, कन्यादान, लाजाहोम, आणि तांदळाच्या सात राशींवरून सप्तपदी. नंतरचे खेळ मात्र घ्या, कारण तिथे सर्वांदेखत स्पर्शाला परवानगी आहे: विडा तोडणं, घास भरवणं, मुठीतली सुपारी सोडवणं. १९३५ च्या कथेत वधू वीस-बावीस वर्षांची असेल, तर सुपारीच्या त्या एका मिनिटात दोघांची पहिली ओळख होऊ शकते.

पुरुषांचे केस हा नाजूक विषय आहे, कारण नटांना पुढचं काम असतं. तरीही १८८० चा भिक्षुक किंवा कारकून दाट केसांचा भांग पाडून फिरत नाही. डोक्याचा घेरा आणि शेंडी पगडीखाली झाकता येईल, पण माडीवर पगडी उतरतेच. तेव्हा काय दिसणार, याचा निर्णय नट निवडतानाच व्हायला हवा.

प्रकाशाबद्दल थोडं सविस्तर. समई जमिनीवर असते आणि माणसंही जमिनीवर असतात. म्हणजे उजेड कमरेच्या खालून येतो, सावल्या भिंतीवर वर चढतात, डोळ्यांच्या खोबणी उजळतात आणि कपाळ अंधारात जातं. तुम्ही मात्र समई शोभेला ठेवून वरून मऊ पिवळा प्रकाश ओतता. तेलाच्या ज्योतीचं रंगतापमान १९०० केल्विनच्या आसपास असतं; कॅमेरा ३२०० वर ठेवला तर सगळं गडद नारिंगी दिसतं, २४०० च्या आसपास आणलं तर कातडीचा रंग जिवंत राहतो. एका वातीवर चेहरा जेमतेम उजळतो, म्हणून पाच वाती लावा, टी १.४ ची, म्हणजे जास्त उजेड आत घेणारी लेन्स घ्या, आणि कमी पडेल तेवढाच लहान बल्ब ज्योतीच्या उंचीवर, समईच्या आड, मंद करून लपवा. त्याला यंत्राने फडफडवू नका. बंद खोलीत ज्योत फारशी हलत नाही, कुणी जवळून गेलं तर हलते. दाराबाहेर कुणी येऊन थांबल्याचं ज्योतीने सांगता येतं. आणि सुती पदर व उघडी ज्योत एकत्र असताना वाळूची बादली आणि लोकरीचं कांबळं हाताच्या अंतरावर हवंच.

तेलही सालाप्रमाणे बदलतं. १८६० ला करंजेल, एरंडेल, गोडेतेल. घासलेट (हा शब्दच ‘गॅसलाइट’चा अपभ्रंश) १८७० च्या दशकापासून पसरत गेलं, आणि त्याबरोबर चिमण्या, कंदील आणि तो वास. कंदिलाला वात खाली करायची चावी आहे, समईला ती सोय नाही. समई विझवायची की नाही, देवापुढची की खोलीतली, कोण विझवणार, हे सगळे निर्णय दोन माणसांमधले आहेत. पेट्रोमॅक्स १९१० च्या आधी दिसली तर ती चूक. रविवर्म्याची छापील लक्ष्मी १८९४ च्या आधी भिंतीवर दिसली तर तीही, कारण छापखानाच त्या वर्षी मुंबईत सुरू झाला. १८८० साठी पुण्याच्या चित्रशाळेची चित्रं वापरा. ग्रामोफोनवर हिंदुस्थानी गाणं १९०२ च्या आधी नाही. आणि १८७५ च्या पुण्यातल्या ब्राह्मणाच्या ओटीवर पाहुण्याला चहा नको, गूळपाणी द्या. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून तर टिळक-रानड्यांसकट चाळीसेक नामवंतांवर ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचं प्रकरण उभं राहिलं होतं, इतका तो पेला जड होता.

आता कायदा, कारण पटकथांतला सर्वांत मोठा गोंधळ इथे आहे. ‘मला घटस्फोट हवा’ असं १९१० सालची हिंदू नायिका मुंबईच्या कोर्टात म्हणते. कोणत्या कायद्याखाली? मुंबई इलाख्यात हिंदूंना घटस्फोटाचा कायदा १९४७ साली मिळाला. बडोदे संस्थानात तो १९३१ साली झाला होता, म्हणून त्यानंतरच्या सालातली नायिका असेल तर तिला बडोद्याला पाठवणं हे कथेला धरून होईल. अनेक जातींत मात्र काडीमोड आणि पाट हे रूढीने चालतच होते. म्हणजे वाड्यातल्या मालकिणीला जी सुटका नव्हती, ती तिच्या अंगणात काम करणाऱ्या बाईला होती. दोघी एका दृश्यात समोरासमोर बसवा, बाकी काही करू नका. पुरुषाला दुसरी बायको करायला मुंबई इलाख्यात १९४६ पर्यंत आडकाठी नव्हती, त्यामुळे त्याच्या बाजूने ‘घटस्फोटासाठी धडपड’ हा प्रसंगच लटका पडतो.

बायको नांदायला आली नाही तर नवरा दावा लावू शके. रखमाबाईंचा खटला सर्वांना ऐकून माहीत असतो, पण टप्पे चुकतात. लग्न अकराव्या वर्षी. नवरा दादाजी भिकाजी यांचा दावा १८८४ साली. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांचा निकाल रखमाबाईंच्या बाजूने. १८८६ मध्ये अपिलात तो फिरला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांचा हुकूम, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. जुलै १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, आणि पुढे त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या. ध्यानात घ्या, घटस्फोट कुठेच नाही. ‘जाणार नाही’ एवढाच हा लढा होता. कैदेची ही तरतूद १९०८ च्या दिवाणी संहितेत कोर्टाच्या मर्जीवर आली आणि १९२३ साली गेली. त्यामुळे १९३० च्या कथेत वकील ‘तुला तुरुंगात टाकतील’ अशी भीती घालत असेल, तर तो एकतर अडाणी आहे किंवा खोटं बोलतोय. दुसरं असेल तर फार छान पात्र मिळेल.

परपुरुषाचं प्रकरण असेल तर त्या काळच्या दंडसंहितेचं कलम ४९७ वाचा (ते २०१८ साली रद्द ठरलं). शिक्षा पाच वर्षांपर्यंत, पण फक्त त्या पुरुषाला, फिर्याद नवऱ्याची, बायको गुन्हेगार नाही, कारण कायद्याच्या लेखी तिची इच्छा मोजलीच जात नव्हती. म्हणजे कोर्टातल्या दृश्यात सगळे पुरुष बोलतात, ती साक्षीदार म्हणूनही कदाचित येते, आणि ज्याबद्दल चित्रपट आहे ती तिची इच्छा कागदावर कुठेच नाही. आजवर पाहिलेल्या पटकथांत तिला आरोपीच्या पिंजऱ्यात उभी केलेली असते. पिंजरा अधिक नाट्यमय दिसतो म्हणून तुम्ही खरा घाव गमावता.

पळून जाऊन ‘रजिस्टर लग्न’ करणाऱ्यांसाठी: १८७२ च्या कायद्याखाली दोघांनाही लिहून द्यावं लागे की आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी वगैरे कोणत्याच धर्माचे नाही. चौदा दिवस आधी नोटीस, तीन साक्षीदार, एकवीस वर्षांखालच्यांना बापाची किंवा पालकाची संमती. एका रात्रीत ते होत नाही. नोटिशीनंतरचे ते चौदा दिवस, कुणीही येऊन हरकत घेऊ शकतो असे, हाच तुमचा उत्तरार्ध आहे. १९२३ च्या दुरुस्तीनंतर हिंदूला धर्म नाकारावा लागत नसे, पण असं लग्न करणारा एकत्र कुटुंबातून विभक्त धरला जाई. विधवेने पुनर्विवाह केला तर १८५६ च्या कायद्याने लग्न वैध, पण पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क ती मेल्यासारखा संपे. दिराला याची पक्की माहिती असते. नायकाला नसते.

आगगाडीने पळायचं असेल तर घड्याळ बघा. १९०६ पासून देशाची एक प्रमाणवेळ झाली, पण मुंबई शहर १९५५ पर्यंत आपल्या ‘मुंबई टाइम’ला चिकटून राहिलं, ३९ मिनिटं मागे. त्याआधीही रेल्वे मद्रासच्या वेळेवर चाले, ती मुंबईच्या अर्धा तास पुढे. घरच्या घड्याळावर विसंबून बोरीबंदरला पोचलेली मुलगी वेळेवर आली आहे आणि गाडी गेलेली आहे. खलनायकाची गरजच नाही.

वाड्याचा मोह सुटत असेल तर गिरणगावात या. १९२० च्या दशकातल्या बीडीडी चाळींची खोली एकशेसाठ चौरस फुटांची, आणि तीही अनेकदा एका जोडप्याला नाही. नवरा खानावळीत जेवतो, पाळीने झोपतो. बायको रत्नागिरीकडे शेत सांभाळते. भेट शिमग्याला, गणपतीला. पावसाळ्यात बोटी बंद. १८८० पासून टपालाने मनीऑर्डर येते आणि कुपनावर दोन ओळी लिहायला जागा असते; त्याही तो दुसऱ्याकडून लिहवून घेतो आणि ती पोस्टमनकडून वाचून घेते. ओढ दोन परक्या तोंडांतून जाते. जात्यावरच्या ओव्यांत त्याची उत्तरं आहेत. या जोडप्यावर भव्य सेट लागत नाही, बहुधा म्हणूनच निर्माता मिळत नसावा.

पैशांबद्दल एकच: सोळा आण्यांचा रुपया, चार पैशांचा आणा, आणि नाण्यावरचा चेहरा सालाचा हवा. पोस्टकार्ड १ जुलै १८७९ पासून, किंमत एक पैसा, म्हणजे उघडं पत्र गावभर वाचलं जाण्याची किंमत. गुपित असेल तर अर्ध्या आण्याचं बंद पाकीट.

आणि ते पत्र. नवऱ्याने लिहिलेलं असेल तर १८८५ ला ते बहुधा मोडीत, बोरूने. आधी पानभर आडव्या रेघा ओढून घेतात, मग अक्षरं त्यांना लटकतात; शब्दांत अंतर नाही, ओळ अखंड वाहते. नुकतीच लिहायला शिकलेली बायको बाळबोध, म्हणजे देवनागरी लिहील, प्रत्येक अक्षर सुटं, रेघ वाकडी. त्याचं मोडी तिला वाचता येत नाही, तिचं बाळबोध सगळ्या घराला वाचता येतं. वर मिती आणि शक हवा, १८८६ साठी शके १८०८. इंग्रजी तारीख फक्त पोस्टाच्या शिक्क्यावर. मायना तिच्याकडून ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’, त्याच्याकडून ‘अनेक आशीर्वाद’. ‘प्रिय’ दोघांपैकी कुणी लिहीत नाही. लिहिलंच, तर ते खोडलेलं दिसू द्या.

मजकूर चित्रणाच्या आदल्या रात्री पाठवून ‘तासाभरात मोडी करून द्या’ असं कृपया सांगू नका. पंधरा दिवस आधी द्या, साल आणि लिहिणाऱ्याची जात-शिक्षण कळवा, आणि निदान आठ प्रती मागवा. रडण्याच्या प्रत्येक टेकला एक जाते.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपले,
मोडी वाचणारे, लुगडी नेसवणारे, जुने निकाल चाळणारे आणि समईच्या वाती वळणारे आम्ही काही जण